आधी सांगा, ढकलतंय कोण?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की गतीचे नियम ज्याला लोकलमध्ये कळले नाहीत त्याला फळ्यावर कळणं कठीण, झालं, पत्रांचा ढीगच लागला. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, तुर्भे, कुठून कुठून पत्रं आलीत. प्रश्न वेगवेगळे आहेत पण घोळ बघाल तर बहुतेक एकच आहे. मी शिकवायचो तेव्हा वर्गात एक दंडक होता, कुणीही 'बल' म्हटलं की लगेच दोन नावं सांगायची, लावणारा कोण आणि लागलं कुणाला. यातलं एक जरी नाव सांगता आलं नाही तर ते बल खोडायचं. पोरं वैतागायची. पण आजची सगळी उत्तरं त्याच दंडकावर दिलीयेत, तेव्हा तुम्हीही जरा वैतागा.

प्रश्न : मी कळव्याहून दादरला रोज उभ्याने जातो. मोटरमनने ब्रेक मारला की अख्खा डबा पुढे फेकला जातो. हे पुढे फेकणारं बल नक्की येतं कुठून, आणि असतं किती? – एक पासधारक, कळवा

कुठूनच येत नाही दादा. लावा दंडक. तुम्हाला पुढे ढकललं कोणी? मागच्या माणसाने म्हणाल, पण त्याला कोणी ढकललं? त्याच्या मागच्याने. असं करत करत डब्याच्या मागच्या भिंतीपर्यंत जा, तिथे टेकून उभा असलेला माणूसही पुढेच झुकलाय आणि त्याच्या मागे तर कोणीच नाही. म्हणजे लावणारा सापडत नाही, खोडा.

खरं काय होतं ते उलट आहे. गाडी ६० च्या स्पीडने चाललीये म्हणजे तुम्हीपण ६० ने चाललाय, तुमचा डबा, तुमची बॅग, खिशातला मोबाईल सगळं ६० ने. ब्रेक लागतो तो गाडीच्या चाकांना, तुम्हाला नाही. चाकं हळू झाली की डब्याची जमीन हळू होते, ती घर्षणाने तुमची पावलं मागे धरते, पण कमरेच्या वरच्या भागाला कोणी सांगितलंच नाही की थांबायचंय, तो बिचारा आपला ६० नेच चाललाय. म्हणून तुम्ही पुढे फेकले जात नाही, तुम्ही होता तसेच जात राहता आणि गाडी तुमच्या खालून मागे राहते. यालाच जडत्व म्हणतात, आणि तुम्ही जी कडी घट्ट पकडता ती तुम्हाला मागे ओढते. त्या वेळचं खरं बल ते आणि पावलांखालचं घर्षण, दोन्ही मागच्या दिशेला! पुढच्या दिशेला काहीच नाही.

आता किती ते बघू. ६० किमी ताशी म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. समजा स्टेशनात शिरताना २० सेकंदांत गाडी थांबली, तर दर सेकंदाला वेग ०.८३ मीटरने कमी झाला. तुमचं वस्तुमान ६० किलो धरलं तर तुम्हाला थांबवायला ६० गुणिले ०.८३, म्हणजे ५० न्यूटन लागले. पाच किलोची आट्याची पिशवी उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच. फार नाही. पण तो एका हातावर, एका पायावर आणि खांद्यावर दुसऱ्याची बॅग असताना येतो म्हणून जास्त वाटतो.

खात्री करायची असेल तर रिकाम्या लोंबत्या कड्यांकडे बघा (गर्दीत रिकामी कडी दिसली तर मलाही कळवा). वेग कितीही असो, एकसारखा असेल तर कड्या सरळ लटकतात. ब्रेक लागला की सगळ्या एकदम पुढे कलतात, वरच्या हिशोबाने ५ अंशांच्या आसपास. म्हणजे कडीला वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. आणि हेच गॅलिलिओने १६३२ साली जहाजाचं उदाहरण देऊन लिहिलं होतं, की बंद खोलीत बसलेल्या माणसाला जहाज संथ चाललंय की उभं आहे हे आतल्या कुठल्याच गोष्टीवरून सांगता येणार नाही. त्याआधी शेकडो वर्षं लोक असं मानत होते की वस्तू चालत राहायला सतत कोणीतरी ढकलायला पाहिजे, आणि त्यात त्यांची फार चूक नव्हती, बैलगाडीचे बैल सोडले की गाडी थांबतेच ना. घर्षण डोळ्याला दिसत नाही एवढीच अडचण.

जाता जाता एक गंमत. तलावपाळीवरून पोरांसाठी गॅसचा फुगा घ्या आणि काचा बंद केलेल्या कारमध्ये दोरीला बांधून ठेवा. ब्रेक मारल्यावर तुम्ही पुढे जाल आणि फुगा मागे जाईल. का, ते पुढच्या अंकापर्यंत शोधा. हवेलाही जडत्व असतं एवढंच सांगतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, टेबलावर पुस्तक ठेवलंय, क्रिया आणि प्रतिक्रिया बल सांगा. अपेक्षित उत्तर होतं, पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने वर दिलेला आधार ही प्रतिक्रिया. तिने वेगळं लिहिलं म्हणून शून्य मिळालं. आता ती विचारते की क्रिया प्रतिक्रिया सारख्याच असतील तर जगात काही हलतं कसं? मला उत्तर देता आलं नाही. – एक आई, ऐरोली

ताई, मुलीने काय लिहिलं ते तुम्ही कळवलं नाहीत पण अपेक्षित उत्तर चुकीचं आहे हे मी इथूनच सांगतो. ही चूक इतकी जुनी आहे की मला आता राग येत नाही, फक्त दमायला होतं.

दंडक लावा. वजन म्हणजे काय, पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते. लावणारी पृथ्वी, लागलं पुस्तकाला. आता याची प्रतिक्रिया हवी असेल तर दोन्ही नावांची अदलाबदल करायची, बाकी काही नाही. पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. झाली जोडी. खरंच ओढतं हो, तेवढ्याच जोराने, पण पृथ्वी इतकी अवाढव्य आहे की तिला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरी जोडी, टेबल पुस्तकाला वर ढकलतं आणि पुस्तक टेबलाला खाली दाबतं. अशा दोन जोड्या आहेत. क्लासमध्ये काय केलं, एका जोडीतला एक आणि दुसऱ्या जोडीतला एक घेऊन त्यांचं लग्न लावून दिलं!

ती दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात, आणि दोन्ही एकाच वस्तूवर लागली म्हणजे ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, हा साधा नियम मुलीला सांगून ठेवा. इथे ती सारखी आहेत ती पुस्तक स्वस्थ पडलंय म्हणून. संतुलित बलं म्हणतात त्यांना, न्यूटनच्या तिसऱ्या, म्हणजे क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमाशी त्याचा संबंध नाही. पुस्तकावर हात ठेवून दाबा, टेबलाचं वरचं बल लगेच वाढेल, पृथ्वीचं ओढणं मात्र तेवढंच राहील. जोडीदार असते तर एकटा वाढला असता का?

आता हलतं कसं. घोडबंदर रोडला रिक्षा बंद पडलीये आणि तुम्ही मागून ढकलताय. तुम्ही रिक्षाला १४० न्यूटनने पुढे ढकलता, रिक्षा तुम्हाला १४० न्यूटनने मागे ढकलते. लोक काय करतात, हे दोन आकडे वजा करून शून्य काढतात आणि म्हणतात रिक्षा हलणार नाही. अहो पण एक आकडा रिक्षाच्या खात्यावरचा, दुसरा तुमच्या खात्यावरचा. माझ्या पासबुकात जमा झालेले आणि शेजाऱ्याच्या पासबुकातून गेलेले पैसे मिळवून शून्य होतात म्हणून माझ्याकडे पैसे आलेच नाहीत असं कोणी म्हणतं का?

रिक्षाचं खातं वेगळं मांडा. पुढे १४०, मागे चाकांचा वगैरे अडथळा समजा ७०. उरले ७०. रिक्षा ३५० किलोची धरली तर ७० भागिले ३५०, त्वरण आलं ०.२, म्हणजे दर सेकंदाला वेग ०.२ मीटरने वाढणार. पाच सेकंदांत रिक्षा सेकंदाला १ मीटरने चालायला लागेल, सावकाश चालणाऱ्या माणसाइतकी. अनुभवाशी जुळतंय की नाही.

आता तुमचं खातं. रिक्षा तुम्हाला १४० ने मागे ढकलतेय, तरी तुम्ही पुढे जाताय, मग तुम्हाला पुढे कोण ढकलतंय? रस्ता. तुमचे पाय रस्त्याला मागे रेटतात, रस्ता तुम्हाला पुढे रेटतो, १४० पेक्षा थोडं जास्तच. हे मान्य होत नसेल तर पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल वर आलेलं असताना, गुळगुळीत झालेल्या चपला घालून रिक्षा ढकलून बघा. ताकद तीच, दंड तेच, पण रस्ता साथ देत नाही आणि माणूस जागच्या जागी घसरत राहतो.

आणि मुलीला एकदा मासुंदा तलावात बोटिंगला न्या. उतरताना लक्ष द्यायला सांगा, काठावर पाऊल टाकलं की होडी मागे सरकते, ती का सरकते ते सांगायची गरजच पडणार नाही. मुलगी ५० किलोची आणि होडी १५० किलोची असेल तर मुलगी ज्या वेगाने पुढे जाईल त्याच्या एक तृतीयांश वेगाने होडी मागे जाईल. बल दोघींना सारखं, परिणाम मात्र वस्तुमानाप्रमाणे. शून्य मार्कांचं फार मनावर घेऊ नका, मात्र सरांना हा अंक जरूर दाखवा.

प्रश्न : लिफ्टमध्ये काट्यावरचा आकडा बदलतो असं तुम्ही म्हणालात म्हणून वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये गेलो. आमचा २७ वा मजला. खाली ७२, वर ७२, मध्येही ७२. वॉचमन हसला ते वेगळंच. – निवृत्त गृहस्थ, मानपाडा

काटा डिजिटल आहे ना काका? तिथेच गडबड झाली, माझीच चूक, सांगायचं राहिलं. घरातले बरेचसे डिजिटल काटे एकदा आकडा स्थिर झाला की तोच धरून बसतात, नंतर तुम्ही कितीही उड्या मारा. जुना, सुईवाला काटा घ्या. आणि सुई हलते ती फक्त लिफ्ट निघताना आणि थांबताना, दोन-तीन सेकंद, मधल्या मजल्यांना ती ७२ वरच राहणार कारण तिथे लिफ्टचा वेग एकसारखा असतो.

वर निघताना त्वरण १ धरा. काट्याला तुमचं वजन तर पेलायचंच आहे, वर तुमचा वेगही वाढवायचाय. पृथ्वीच्या ओढीचं त्वरण ९.८, त्यात हे १ मिळवलं की १०.८. ७२ गुणिले १०.८, भागिले ९.८, सुई ७९ च्या वर जाईल. वरच्या मजल्यावर थांबताना ६५ च्या खाली येईल. तुम्ही जाड झाला नाही की बारीक झाला नाही, पृथ्वी तुम्हाला आधी ओढत होती तेवढंच ओढतेय. काटा पृथ्वीचं ओढणं मोजतच नाही, तो स्वतः तुम्हाला किती वर ढकलतोय ते दाखवतो. (ऐरोलीच्या ताई, वाचताय ना, इथे वजन आणि आधार सारखे राहिले नाहीत.)

आणि दोर तुटला तर? सुई शून्यावर. पण काळजी करू नका, एलिशा ओटिस नावाच्या माणसाने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात भर गर्दीसमोर स्वतः पाळण्यावर उभं राहून दोर कापून घेतला होता, आणि त्याचा सेफ्टी ब्रेक लागून पाळणा जागीच अडकला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याला, १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आज घोडबंदरला चाळीस मजली टॉवर उभे राहतात ते अशा ब्रेकच्या भरवशावर.

प्रश्न : वजन न्यूटनमध्ये सांगायचं असतं तर भाजीवाल्याला काय सांगू? – आठवीतला मुलगा, नेरूळ

अर्धा किलो भेंडीच सांग बाळा, ४.९ न्यूटन म्हणालास तर तो तुला वाशीच्या मार्केटला पाठवेल. तू भाजी घेतोस ते वस्तुमान, ते किलोतच. चंद्रावर गेलास तर दोन पारड्यांच्या तराजूत अर्धा किलो भेंडी अर्धा किलोच भरेल, कारण वजनमापही तेवढंच हलकं होतं, पण स्प्रिंगच्या काट्यावर सहावा हिस्सा दिसेल. चंद्रावर भाजी घ्यायची तर तराजूवाल्याकडूनच घे.

प्रश्न : मुलगा यंदा गोविंदा पथकात खालच्या थराला आहे. रोज रात्री प्रॅक्टिस. त्याच्या खांद्यावर नक्की किती ओझं येत असेल? आणि वरचं पोरगं पडलं तर खालची गर्दी खरंच उपयोगी पडते का? – आई, नौपाडा

पहिलं सोपं आहे असं वाटतं पण नाहीये. वर नऊ जण, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ४५० किलो, खाली सहा जण, म्हणजे प्रत्येकी ७५ किलो, हा झाला कागदावरचा हिशोब. तो सगळे पुतळ्यासारखे उभे असतील तेव्हाचा आणि ओझं सारखं वाटलं गेलं तरचा. प्रत्यक्षात एक खांदा जरा खाली गेला की शेजारच्यावर जास्त येतं. आणि मुख्य म्हणजे पोरं चढत असतात. चढणाऱ्याने झटका देऊन स्वतःला वर घेतलं, समजा २ च्या त्वरणाने, की तेवढ्या क्षणापुरता ५० किलोचा पोरगा खालच्या खांद्याला ६० किलोचा होतो, वरच्या काकांच्या लिफ्टसारखंच. म्हणून चांगल्या पथकात चढणारा घाई करत नाही, पाय सरकवत, अंग चिकटवत चढतो. मुलाला विचारा, सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, उभं राहताना की कोणी चढता-उतरताना.

दुसऱ्याचं उत्तर हो, आणि खूप. ५ मीटरवरून पडलेलं पोरगं खाली येईपर्यंत सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३६ किमीच्या वेगात असतं. हा वेग शून्यावर यायचाच आहे, प्रश्न एवढाच की किती अंतरात. रस्त्यावर आपटलं तर समजा ५ सेंटिमीटरमध्ये, ४० किलोच्या पोराला सरासरी ४० हजार न्यूटन बल लागतं, चार टन वजनाइतकं. तेच दहा जणांच्या उंचावलेल्या हातांनी अर्धा मीटर खाली जात जात झेललं तर ४ हजार, दहावा हिस्सा. तरीही ते कमी नाही हो, ४०० किलो झाले, म्हणून हेल्मेट आणि खाली गाद्या पाहिजेतच, त्याबद्दल पथकाशी भांडावं लागलं तर भांडा. झेलणाऱ्यांनी हात ताठ ठेवायचे नाहीत, पोराबरोबर खाली न्यायचे, हेही त्यांना प्रॅक्टिसमध्येच शिकवायला पाहिजे.

प्रश्न : मी ट्रक चालवतो. पोरगा म्हणतो की घर्षणाच्या फॉर्म्युल्यात वजन कटतं, म्हणजे माझा ट्रक आणि त्याची बाईक एकाच अंतरात थांबणार. वीस वर्षं गाडी चालवतोय, असं होत नाही. कोण खरं? – ड्रायव्हर, तुर्भे

दोघंही खरे आहात, म्हणून तर भांडण मिटत नाहीये.

मुलगा म्हणतो ते असं. ट्रक बाईकच्या शंभर पट जड असेल तर त्याला थांबवायला शंभर पट बल लागतं हा न्यूटनचा दुसरा नियम. पण ट्रक रस्त्याला शंभर पट जास्त दाबतो, त्यामुळे टायरखालचं घर्षणही शंभर पट मिळू शकतं. कट. कोरड्या डांबरावर ६० च्या स्पीडला दोघांनाही २० मीटरच्या आसपास लागतील, ओल्या रस्त्यावर पस्तीसेक. आणि पाम बीच रोडला लोक जातात तसं ८० ने गेलात तर ओल्यात ६३ मीटर, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. त्यात पाय ब्रेकवर जायला जो एक सेकंद जातो त्याचे २२ मीटर वेगळे.

पण मुलाच्या वहीत नाहीत अशा गोष्टी तुमच्या ट्रकमध्ये आहेत. ट्रकचे टायर जास्त ओझं पेलायला आणि जास्त टिकायला बनवलेले, त्यांचं रबर बाईकइतकं चिकटत नाही. हवेचे ब्रेक, पेडल दाबल्यावर हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि उष्णता. ट्रकची सगळी गतिज ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये जाणार, इथे वस्तुमान अजिबात कटत नाही, घाटात सारखा ब्रेक मारत उतरलात की ड्रम तापतात आणि पकड सुटते, म्हणून तर तुम्ही लोक लोअर गिअर टाकून उतरता. मुलाला एकदा शेजारच्या सीटवर बसवून गायमुखचा घाट उतरवा. आणि त्याच्या फॉर्म्युल्याला नावं ठेवू नका, पाऊस आणि स्पीडच्या बाबतीत तो फॉर्म्युला बरोबरच आहे.

प्रश्न : कॅरमवर पावडर टाकली की स्ट्रायकरमध्ये जास्त जोर येतो का? सोसायटीत पैज लागलीये. – वागळे इस्टेट

जोर तुमच्या बोटाचा, पावडर तो वाढवणार कशी? बोट स्ट्रायकरला सोडून परत आलं की पुढे ढकलणारं कोणीच उरत नाही, तो आपल्या वेगाने जात राहतो आणि बोर्ड त्याला मागे धरत राहतो. पावडर ते धरणं कमी करते. धरणं निम्मं झालं की त्याच फटक्यात तो दुप्पट लांब जातो. जिथे तो कसाबसा एक मीटर गेला असता, म्हणजे ७४ सेंटिमीटरच्या बोर्डावर समोरच्या कडेला लागून थोडासा परत आला असता, तिथे आता दोन मीटर जाईल, कडांवर आपटत आपटत (आपटण्यात थोडा वेग जातो तो सोडून द्या). पावसाळ्यात बोर्ड दमट झाला की सोंगट्या जड जातात असं आपण म्हणतो, सोंगटी तेवढीच असते, बोर्ड जास्त धरतो. पैजेत जो 'जोर येतो' म्हणाला त्याने चहा पाजायचा.